यंदाचं शेवटचं वर्ष

आमच्या सरांइतका थकलेला माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आजवर झालेला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. दमणारी माणसं पुष्कळ असतात, पण ती काम करून दमतात. सर कामाला हात लावण्याआधीच दमलेले असत आणि मग त्याच अवस्थेत दिवस मावळेपर्यंत राबत. सकाळी मैदानावर यायचे तेव्हा खांद्यावर मैदान आखायच्या फक्कीची गोणी, गळ्यात शिट्टी आणि तोंडात "मी थकलो रं" हे वाक्य. नमस्कार, राम राम, गुड मॉर्निंग या सगळ्यांच्या जागी ते हेच वाक्य वापरत. फोन उचलला की "हॅलो" न म्हणता एक लांब सुस्कारा सोडत, त्यामुळे पलीकडच्या माणसाला नंबर बरोबर लागल्याची खात्री पटे. एकदा त्यांना विद्यापीठाने आठ दिवसांची सक्तीची रजा दिली होती. परत आले तेव्हा मी विचारलं, "काय सर, विश्रांती झाली का?" तर म्हणाले, "विश्रांतीनं लई दमायला व्हतं रं."

सर आमच्या विद्यापीठाचे क्रीडासंचालक होते. विद्यापीठ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर जे काही येईल ते त्यांनी कृपया पुसून टाकावं. आमचं विद्यापीठ म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी दोन इमारती, एक कॅन्टीन आणि हायवेवरून वाचता येईल एवढा मोठा फलक. मी तिथे परीक्षा विभागात होतो, अजूनही आहे. माझ्याकडे स्वतःची गाडी नसल्यामुळे मी कुठे पळून जाणार नाही, एवढ्या एकाच पात्रतेवर सरांनी मला संघाचा व्यवस्थापक नेमला. संघ कशाचा, तर अमेरिकन फुटबॉलचा. हे सांगितलं की लोक माझ्याकडे थोडा वेळ बघतात आणि विषय बदलतात.

हा खेळ आमच्याकडे कुणी मागवला नव्हता, तो येऊन पडला. संस्थापकांचे जावई अमेरिकेत असतात. त्यांच्या गावातल्या कुठल्याशा कॉलेजाने आपला संघ बंद केला आणि सामान मोडीत काढलं. जावयांनी ते उचलून सासऱ्यांना भेट म्हणून धाडलं. एका दुपारी टेंपोतून खोकी उतरली. त्यांत पुढे जाळी असलेली निळी हेल्मेटं होती, खांद्यावर चढवायच्या ढाली होत्या आणि असोल्या नारळासारखे लांबट चेंडू होते. घरात मिक्सर आला की चटणी वाटावीच लागते, या न्यायाने संस्थापकांनी सरांना बोलावून खेळ सुरू करायला सांगितलं. सर म्हणाले, "करतो. पन एकच वर्ष. पुढं माज्यानं व्हायचं नाय."

तेव्हापासून दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी सर पोरांना मैदानात गोल बसवायचे, स्वतः फक्कीच्या गोणीवर टेकायचे आणि जाहीर करायचे, "पोरांनो, यंदाचं शेवटचं वर्ष. माज्यानं आता व्हत नाय." पहिल्या वर्षी पोरं गंभीर झाली. दुसऱ्या वर्षी हसली. तिसऱ्या वर्षीपासून त्यावर टाळ्या, शिट्ट्या आणि हेल्मेटांवर थापा सुरू झाल्या. पुढे तर हे वाक्य झाल्याशिवाय सराव सुरू झालाय असं कुणी मानत नसे. नवी पोरं उशिरा आली तर जुनी पोरं सांगायची, "थांबा रं, सर अजून शेवटचं बोलले नाय." सर कपाळाला हात लावायचे आणि बोलायचे.

खेळाचे नियम ते मोबाइलवर बघून शिकले. चार दिवस बघितलं, आणि पाचव्या दिवशी डोळे चोळत मला म्हणाले, "ही कबड्डीच हाय रं. फक्त श्वास घ्यायची परवानगी दिलीय." सर स्वतः गावच्या कबड्डी संघातले नावाजलेले चढाईपटू. त्यामुळे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईवाला होता, कोपरारक्षक होता, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याची पकड घोट्यातच करायची असा दंडक होता. चेंडू लांब फेकायला मात्र त्यांचा सक्त विरोध. "हातातली वस्तू फेकायची कशाला? नेऊन द्यायची," असं ते म्हणत. प्रत्येक डावाआधी खेळाडू गोल करून डोकी एकत्र घालतात तेही त्यांना खपत नसे. दर मिनिटाला मीटिंग घ्यायला हे काय विद्यापीठ आहे, असं त्यांचं म्हणणं. मैदानावरचे यार्ड ते पावलांनी मोजत. मी एकदा टेप आणून दिली तर म्हणाले, "यार्ड म्हंजे माजं एक थकलेलं पाऊल. टेपनं काय नवीन कळनार हाय?" परिणामी आमचं मैदान सकाळी आखलं तर लांब आणि संध्याकाळी आखलं तर आखूड होत असे.

आता खेळायचं कुणाशी? पहिली काही वर्षं आसपास दुसरा संघच नव्हता. मग सरांनी कर्जतची पोरं एकीकडे आणि खालापूरची दुसरीकडे अशी वाटणी केली. दोन्ही तालुक्यांना एकमेकांविषयी जे काही वाटत होतं ते सगळं त्या ढालींवर आदळलं. पहिला सामना मारामारीने संपला आणि मैदानाभोवती जमलेल्या गावकऱ्यांना खेळ समजला, तो याच कारणाने. पुढे पुण्याहून एक खराखुरा संघ आला. त्यांनी आम्हाला इतकं धुतलं की क्रिकेट मंडळाकडून उसना आणलेला धावफलक आम्ही मध्येच उलटा करून ठेवला. त्यानंतर मुंबईचा एक संघ येणार होता. त्यांची बस घाटात बंद पडली आणि आम्हाला विजयी घोषित केलं गेलं. त्या विजयाची आम्ही बँजो लावून हायवेपर्यंत मिरवणूक काढली. सर मिरवणुकीच्या मागे टेंपोत बसून होते. "जिंकायला येवढी दगदग, तर हरलेलं बरं," असं म्हणत होते आणि कुणी बघत नाही असं वाटलं की पायाने ठेका धरत होते.

आमच्या संघाला बाहेरच्या स्पर्धेत एकदाच बोलावणं आलं, आणि तिथे जे झालं त्यात सर पुरते सापडतात. आमचा कप्तान किसन. मैदानाच्या कडेला त्याची बायको पोर कडेवर घेऊन उभी होती आणि ते पोर मोठ्याने "पप्पा" म्हणून हाका मारत होतं. पंचांना शंका आली. किसन पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडला होता आणि रसायनीला कंपनीत लागला होता. त्याला बाहेर बसवा, असं पंचांनी सरांना सांगितलं. सरांना राग वगैरे आला नाही, त्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "त्याला काढू कसा? तो आपला हाय." मग आम्हालाच सामान गुंडाळून परत यावं लागलं. वाटेत मी त्यांना विद्यापीठाचा संघ म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या गावच्या टीममदी गडी मिशी फुटल्यावर घुसतो, नि गुडघे गेल्यावर भायेर बसतो. मदी कोन कोनाला काढीत नाय." त्यांच्या हिशेबी एकदा हेल्मेट डोक्यावर चढलं की माणूस संघाचा झाला. पुढे त्याला नोकरी लागो, लग्न होवो, टक्कल पडो.

आणि हेल्मेट चढलं की ते त्याचंच झालं, हेही ओघाने आलं. शिक्षण संपवून जाणाऱ्या पोराकडून सरांनी कधी सामान परत घेतलं नाही. कोठीत ठेवलं तर उंदीर खातात, असं कारण ते देत. त्यामुळे आमच्या खेळाचा प्रसार झाला नाही तरी हेल्मेटांचा भरपूर झाला. दहीहंडीला अर्ध्या गोविंदा पथकांच्या वरच्या थराला आमची निळी हेल्मेटं दिसत. हायवेवर पोलिसांनी मोटरसायकलवाल्याला अडवावं तर आत जाळीमागे आमचा एखादा माजी खेळाडू हसत असे आणि हेल्मेट घातलंय की नाही यावर वाद चाले. ठाकरवाडीवरचा मंगळ आमचा सगळ्यात वेगवान धावपटू. तो हेल्मेट घालून कड्यावरचा मध काढायला जाई आणि दरवर्षी सरांना एक बाटली आणून देई. सर ती घेत आणि म्हणत, "मध खायाला पन ताकद लागते रं."

असं चाललं असतं तर चालत राहिलं असतं. पण नवीन खेळाडू येईनासे झाले. पोरांना टर्फवरचं क्रिकेट गोड वाटू लागलं आणि उन्हात ढाल बांधून धावायला तिघेच उरले. त्यातच नवीन कुलसचिव मॅडम आल्या. बाई सरळ होत्या, कामसू होत्या आणि त्याही आपल्या परीने थकलेल्याच होत्या. फार्मसीच्या नव्या इमारतीला जागा हवी होती आणि सपाट जागा म्हणजे सरांचं मैदान. मॅडमनी सरांना बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "सर, हा खेळ खरंच जिवंत असेल तर मला पूर्ण संघ मैदानावर दाखवा. मी विश्वस्तांशी भांडते. नाहीतर मला मैदान द्यावं लागेल."

मला वाटलं सर आता नेहमीप्रमाणे सुस्कारा सोडून सुटल्यासारखं बोलतील. इतकी वर्षं हा माणूस बंद करा, बंद करा म्हणत आलेला. पण ते खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, "दाखवतो. येत्या रविवारी." बाहेर आल्यावर ते पायरीवरच बसले. मला म्हणाले, "मैदान गेलं तर मी सकाळचा जाऊ कुठं रं?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यावर मला काही थट्टा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या स्कूटरवर आम्ही दोघं संघ गोळा करायला निघालो. गाडी सर चालवणार आणि बोलायचं मी, अशी वाटणी ठरली, कारण चालवून दमल्यावर त्यांच्याने बोलणं होणार नव्हतं. कुंभिवलीला हायवेच्या कडेला टायरचं दुकान होतं. तिथला मालक आमचा जुना पकडवाला. त्याच्या पंक्चरच्या पाण्याच्या टबाशेजारी हेल्मेट पालथं पडलेलं, त्यात नट-बोल्ट. सर तिथल्या बाकड्यावर बसले आणि माझ्याकडे बोट केलं. मी सगळं सांगितलं. मालकाने नट-बोल्ट जमिनीवर ओतले आणि हेल्मेट फडक्याने पुसायला घेतलं. रसायनीला कंपनीच्या गेटवर पाळी सुटायची वाट बघत उभे राहिलो. किसन बाहेर आला, पोट पुढे, केस मागे. "रविवारी माजी पाळी हाय," म्हणाला. मग सरांकडे बघितलं. सर स्कूटरच्या सीटवर डोकं टेकून उभे होते. "बदलून घेतो," म्हणाला. मंगळ माथेरानला घोडे धरतो. गाड्या थांबतात त्या नाक्यावर तो भेटला. त्याने सरांना घोड्यावर बसायचा आग्रह केला. सर म्हणाले, "नको रं. घोडा चालनार नि दमनार मी." मंगळला काही समजावून सांगावंच लागलं नाही. तो एवढंच म्हणाला, "येतंव. हेल्मेट वाडीवर हाय, मधाचा वास हाय त्याला." परतताना घाटात सर गाणं गुणगुणत होते. मी मागे बसून ऐकत होतो आणि हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, असा विचार करत होतो.

ठरलेल्या रविवारी मी पोचलो तेव्हा मैदान आखून झालेलं होतं. त्या दिवशीच्या रेघा इतक्या सरळ होत्या की मला सरांची काळजी वाटली. मग एकेक जण येऊ लागला. कुणी मोटरसायकलवर, कुणी टेंपोत, कुणी बायकापोरांसकट. एका हेल्मेटावर गोविंदा पथकाचं नाव चमकीने लिहिलेलं होतं. एकाच्या जाळीला पडवळाचा वाळका वेल अजून गुंडाळलेला होता, कारण ते इतके दिवस परसातल्या मांडवावर रानडुकरांना भिववायला टांगलेलं होतं. ढाली कुणालाच बसत नव्हत्या. त्या सुतळीने, ओढणीने, एकाने तर घोड्याच्या लगामाने आवळल्या. पण मोजायला गेलं तर दोन्ही बाजू भरल्या. कर्जत एकीकडे, खालापूर दुसरीकडे. मॅडम खुर्ची नाकारून उभ्या राहिल्या. सरांनी शिट्टी मारली.

मी या खेळाचा व्यवस्थापक होतो, पण खेळ आवडला असा तो एकच दिवस. पोटं सुटलेले ते गडी दहा पावलं धावले की वाकून उभे राहत आणि पुन्हा भिडत. किसनने टायरवाल्याला घोट्यात असं धरलं की दोघांच्या बायका एकदमच ओरडल्या. शेवटी मंगळच्या हाती चेंडू आला. डोंगर उतरावा तसा तो मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला गेला, आणि त्याला धरायला कुणी उरलंच नाही. सरांनी शिट्टी फुंकली आणि ती बराच वेळ फुंकतच राहिले. गावातली माणसं टाळ्या पिटत होती. मॅडमही टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून.

मग त्या सरांजवळ आल्या आणि म्हणाल्या, "फार सुंदर, सर. यातले आपले विद्यार्थी कोणते?"

सर म्हणाले, "सगळे."

"म्हणजे, सध्या शिकत असलेले?"

सरांनी पुन्हा हात फिरवून सगळं मैदान दाखवलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्या गर्दीतून तीन पोरांनी हळूच हात वर केले. मॅडमनी ते हात मोजले. मग म्हणाल्या, "सर, मी हे वर कसं सांगू हो?"

सरांच्या चेहऱ्यावर त्या पंचांसमोर होता तसाच गोंधळ होता. त्यांनी खरोखर सगळ्यात भक्कम पुरावा आणून उभा केला होता. ते म्हणाले, "मॅडम, येवढी वर्षं झाली, येक पोरगा टीम सोडून गेला नाय. संसाराला लागले तरी हाक मारली तर आले. जिवंत हाय ते अजून कसं दाखवायचं असतं?" मॅडमनी सरांना हात जोडले आणि त्या गाडीकडे गेल्या. दार लावल्यावर त्या बराच वेळ गाडी सुरू न करता बसून होत्या, हे मी पाहिलं.

पोरं, म्हणजे ते बापे, सवयीने मैदानात गोल करून बसले. त्यांना सगळं कळलेलं होतं. सर फक्कीच्या गोणीवर टेकले. शेवटी मंगळ म्हणाला, "सर, तुमचं ते बोलायचं राहिलं."

सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात तयार ठेवले. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. इतकी वर्षं दरसाल न चुकता म्हटलेलं वाक्य, आणि ते खरं ठरायच्या दिवशी त्यांच्या तोंडून फुटेना. मग म्हणाले, "हेल्मेटं घरी घेऊन जा रं. हितं उंदीर लागतात." थोडं थांबून म्हणाले, "नि पुढच्या वर्षी वेळेवर या." टाळी कुणीच वाजवली नाही. किसनने तोंड फिरवलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण तिथे कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

आता त्या जागी फार्मसीची इमारत उभी राहते आहे. सर निवृत्त होऊन कर्जतजवळच्या आपल्या गावी असतात. मी अधूनमधून जातो. मंगळच्या मधाची बाटली फडताळात असते, ओटीवर एक निळं हेल्मेट उलटं टांगलेलं असतं आणि त्यात सरांच्या पत्नीने तुळशीचं रोप लावलं आहे. सरांचा चेहरा मात्र ओळखू येत नाही इतका टवटवीत झाला आहे. परवा गेलो तेव्हा ते ओटीवर पाय सोडून बसले होते. मी उंबऱ्यापासूनच विचारलं, "काय सर, थकलात का?"

त्यांनी जरा विचार केला.

"नाय रं," म्हणाले, "आता कशानं थकनार?"

मग त्यांनी आत चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत हेल्मेटाच्या जाळीवरची धूळ बोटाने पुसत बसले.